दुखवट्याची सतरंजी

व्हिडिओ एक मिनिटाचाही नव्हता. त्या गुरुवारच्या सकाळपर्यंत रामटेके कुटुंबातल्या प्रत्येकाने तो पाहिला होता, आणि प्रत्येकाने इतरांपासून लपवून पाहिला होता.

मानेसरमागच्या एका गावातलं अंगण. पांढऱ्या चादरी घातलेल्या सतरंजीवर वीस-पंचवीस पुरुष मान खाली घालून बसलेले. त्यांच्यात गडद सुटातला रामटेक्यांचा थोरला मुलगा धम्मदीप, एक पाय दुमडून, दुसरा कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा. मग तो उठतो. "इतनी देर से बैठा हूँ. किसी ने पानी तक नहीं पूछा. क्यों नहीं पूछा, वो मैं अच्छी तरह जानता हूँ." चित्र हलतं, गाडीचं दार लागल्याचा आवाज येतो आणि व्हिडिओ संपतो.

घर जोगिंदरचं होतं. जोगिंदर लुंबिनी प्रेसिंग्जमध्ये रात्रपाळीचा ऑपरेटर. कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसखाली सापडून गेला. कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून धम्मदीप त्याच्या दुखवट्याला गेला होता. त्यानंतर कामगारांना आणणाऱ्या बस रिकाम्या येऊ लागल्या. कारखाना बंद पडला तो त्या दिवसापासून.

उन्नती आईवडिलांच्या नोएडाच्या फ्लॅटवर पोचली तेव्हा दोन्ही भाऊ आधीच आले होते. तिने चपला काढायच्या आत तिच्या आईने, शीलाताईंनी, पाण्याचा ग्लास पुढे केला. या घरात कुरिअरवाला येवो की व्याही, बसा म्हणण्याआधी पाणी. नियम तिच्या वडिलांचा, काशीनाथ यांचा. दारव्ह्याकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या वडिलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. दिल्लीत सरकारी क्वार्टर मिळालं त्या दिवशी काशीनाथ यांनी काचेचे ग्लास विकत आणले आणि बायकोला सांगितलं, आपल्या दारात आलेल्या माणसाला पाणी मागावं लागता कामा नये. तिन्ही मुलं त्या नियमात वाढली. धम्मदीपच्या केबिनमध्ये लेबर इन्स्पेक्टरलासुद्धा आधी पाणी मिळे, मग खुर्ची.

"मी जाणार नाही," धम्मदीप म्हणत होता. "पुन्हा पुन्हा तेच काय?"

"दादा, कामगार फक्त येऊन बस म्हणतायत," सुगत म्हणाला. तो धाकटा; मानेसरचा कारखाना तो चालवायचा. "माफी नको, भाषण नको. आज तेरावा आहे. बारा वाजता विधी होईल आणि बैठक उठेल. त्याआधी तू सतरंजीवर येऊन बसलास तर संध्याकाळच्या शिफ्टला लोक आत येतील. युनियनने शब्द दिलाय."

"आणि नाही बसलो तर?"

"तर म्हणतात, ज्याला आमच्या दुःखात बसता येत नाही त्याच्या हाताखाली आम्ही उभे राहणार नाही. दुसरा मालक आणा."

"दुसरा म्हणजे तू."

"मी असं म्हटलेलं नाही."

"यार, म्हणायला कशाला लागतं?"

काशीनाथ खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. कृषी भवनातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांचं बोलणं टिपणीसारखं येई. "मुद्दा एकच आहे," ते म्हणाले. "त्यांनी पाणी विचारलं नाही, हे खरं की खोटं?"

"खरं, बाबा."

"मग माझा मुलगा कुठे चुकला ते मला कोणीतरी सांगा. चार पिढ्यांनी जे गिळलं ते त्याने बोलून दाखवलं. मोठ्या गाडीतून उतरला तरी त्यांना आडनाव कळतंच."

"बाबा, त्या घरातला मुलगा गेला होता," उन्नती म्हणाली.

धम्मदीप तिच्याकडे वळला. "तू सांग ना. कल्चरल इंटेलिजन्सच्या मॅडम तू. त्या जपानी मोरितासाठी आठवडाभर घोटून घेतलंस माझ्याकडून. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं. आपला कप आपण भरायचा नाही. पाहुण्याला दारापासून लांबची जागा. जपान्याचं सगळं पाठ. आणि कारखान्याच्या मागच्या गावाची एक स्लाइड नव्हती तुझ्याकडे?"

"तू विचारलं नाहीस."

"तू सांगितलं नाहीस."

दोन्ही खरं होतं. कोणत्या देशात कोण आधी बसतो, कुठे शांतता म्हणजे होकार आणि कुठे नकार, हे उन्नती कंपन्यांमधल्या वरिष्ठांना शिकवत असे आणि त्याची भक्कम फी घेत असे. ती स्वतः गुरुग्राममध्ये अकरा वर्षं राहत होती. हरियाणातल्या एकाही घरी ती कधी दुखवट्याला गेली नव्हती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि तशा ठिकाणी बोलावण्याची वाट बघायची नसते हेही तिला त्या सकाळीच सुचलं.

"ताईला कशाला मध्ये घेतोस?" सुगत म्हणाला. "अर्धा दिवस बसायचं काम आहे. बस आणि ये."

"तुला घाई का आहे, ते मी सांगू?"

सुगत खुर्चीत सरकून बसला.

"मी सतरंजीवर बसलो की सगळे मोबाइल माझ्यावर. मालक झुकला, मालक बसला. मग प्रेसचा सेन्सर त्या रात्री बंद का होता, हे कोणी विचारणार नाही."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शीलाताई उठून गॅस बारीक करून आल्या.

सेन्सर बंद करायला सुगतने सांगितलं नव्हतं. हात प्रेसच्या जवळ गेला की मशीन थांबवणारा तो सेन्सर दर थोड्या वेळाने विनाकारण लाइन थांबवायचा, आणि सुपरवायझर तो रात्री बंद ठेवतात हे त्याला ठाऊक होतं. त्याने थांबवलं नव्हतं. ऑर्डर पुढे ढकलायची नाही, असं वरून रोज सांगणारा धम्मदीप होता. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून आजवर दोघांपैकी कोणी बोललं नव्हतं.

"सेन्सर कोणी बंद केला?" काशीनाथ यांनी विचारलं.

"चौकशी चालू आहे, बाबा."

"सुगत, मी सरकारात उभा जन्म काढला. 'चौकशी चालू आहे' हे वाक्य मी स्वतः लिहायचो. कधी लिहायचो तेही मला आठवतं."

सुगतने फोन उचलला, पाहिला, पालथा ठेवला. वडील इतका वेळ दादाच्या बाजूने होते. आता ते कोणाच्याच बाजूने नव्हते, आणि ते जास्त वाईट होतं.

"मी काल जाऊन आले," शीलाताई म्हणाल्या.

"कुठे?"

"त्यांच्या घरी. सुगतच्या ड्रायव्हरला घेऊन. तुम्हाला विचारलं असतं तर हीच सभा कालच भरली असती."

काशीनाथ त्यांच्याकडे बघत राहिले. "मला न सांगता?"

"अहो, तुम्ही दुपारी झोपला होतात." त्या सुगतच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "बायकांच्यात बसले. तुम्ही कोण, असं कोणी विचारलं नाही. मलाही पाणी नाही दिलं. मनात आलंच, खोटं कशाला सांगू. मग पंचायतीतली एक बाई आली, मोठ्या घरची, बरोबर दोन माणसं. तिलाही नाही. शेजारी एक म्हातारी होती, तिला हळूच विचारलं. म्हणाली, जवान मौत है. जवान पोरगा गेला की तेराव्यापर्यंत त्या घरात आल्यागेल्याला काही विचारत नाहीत. हुक्का नाही, चहा नाही, पाणी नाही. सरपंच आला तरी नाही. माणसं येतात, बसतात, उठून जातात."



"कोण लोक आहेत ते?" काशीनाथ यांनी विचारलं.

"मी विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं. त्याने फरक पडतो."

"मुलगा गेलेल्या बाईला जात विचारू?" शीलाताईंचा आवाज चढला नाही. "तुमच्या आईला लोकांनी विहिरीवर तेच विचारलं होतं."

काशीनाथ यांनी चष्मा काढला. पुसला नाही, हातात धरून बसले. त्यांना म्हणायचं होतं की आठवण खोटी नव्हती, त्या आठवणीवर हे घर उभं आहे. पण बायको ते नाकारत नव्हती, त्यामुळे म्हणायला जागा उरली नव्हती.

"अजून एक आहे," शीलाताई धम्मदीपला म्हणाल्या. "तू पाण्याचं बोलून निघालास ते जोगिंदरच्या आईने आतून ऐकलं. तिने लोटा भरला. बायका म्हणाल्या, रीत मोडते. ती म्हणाली, रीत जाए तो जाए, घर आया आदमी प्यासा ना जाए. आणि त्याचा बाप, बलवंत नाव त्यांचं, तो लोटा घेऊन गल्लीत धावला. तुझ्या गाडीमागे."

धम्मदीपने तेव्हा गाडीच्या आरशात पाहिलं होतं. धोतरातला एक म्हातारा धावत येत होता, हात वर केलेला, हातात काहीतरी चमकत होतं. धम्मदीप ड्रायव्हरला म्हणाला होता, शीशा चढ़ा, निकल. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. लोक हत्यार घेऊन मागे लागले होते असं त्याने कंपनीच्या वकिलाला मात्र सांगितलं होतं, आणि वकिलाने ते लिहून घेतलं होतं.

तो उठला. "चला," म्हणाला. "आत्ता निघालो तर पोचू."

"मोरितांची मीटिंग साडेदहाला आहे," उन्नती म्हणाली.

"आधी गावात जा," शीलाताई म्हणाल्या.

"आई, तो ओसाकाहून फक्त या अपघातासाठी आलाय. त्यांच्या कंपनीच्या पैशावर निम्मा कारखाना उभा आहे. हॉटेल वाटेवरच आहे. अकराला उठू, साडेअकराला गावात. ऐन वेळी कळवून टाळलं तर त्यांच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो."

"कसला अर्थ? आपल्या माणसाचं मयत झालंय."

"आई, प्लीज. हे मला कळतं."

धम्मदीपने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे. जोगिंदरच्या म्हाताऱ्या बापासमोर उभं राहण्याआधी अर्धा तास मिळत होता. तो त्याने घेतला. निर्णय उन्नतीचा असल्यासारखं तिला म्हणाला, "बोल, कसं करायचं?"

सुगतने किल्ल्या उचलल्या. "मी आईला घेऊन पुढे होतो. बाबा?"

काशीनाथ यांनी मान हलवली. ते आले नाहीत.

*

गुरुग्रामच्या हॉटेलात मोरितांनी सगळं नीट केलं, आणि रामटेक्यांनीही. कार्डं दोन्ही हातांनी दिली गेली. मोरितांना दारापासून लांबची खुर्ची मिळाली. त्यांनी धम्मदीपचा कप भरला, धम्मदीपने त्यांचा. मोरितांचे केस पांढरे होते, इंग्रजी सावकाश होतं, आणि प्रत्येक उत्तरानंतर ते काही क्षण टेबलाकडे बघत.

त्यांनी ऑर्डरबद्दल काही विचारलं नाही. गेलेल्या मुलाचं वय विचारलं. घरी कोण आहे विचारलं. प्रेस कोणत्या वर्षीची, तेही. धम्मदीपने उत्तरं दिली. सेन्सरचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला की चौकशी चालू आहे. मोरिता टेबलाकडे बघत राहिले.

शांतता भरायची नाही, हे उन्नतीनेच शिकवलं होतं. घड्याळाकडे बघायचं नाही. वयाने मोठा पाहुणा उठेपर्यंत उठायचं नाही. भाऊ इतका बिनचूक वागत होता की तिला त्याच्याकडे बघवेना. शेजारच्या टेबलावर वेटर दुपारच्या जेवणाचे काटे-चमचे मांडू लागला. तिने एकदा तोंड उघडलं. त्याच वेळी मोरितांनी केटलीकडे हात नेला, आणि ती थांबली.

कप भरून झाल्यावर त्यांनी विचारलं, अंत्यविधी सगळे पार पडले का?

"आज शेवटचा आहे," उन्नती म्हणाली. "बारा वाजता."

मोरितांनी केटली खाली ठेवली. "आज? मग आपण इथे का बसलो आहोत?"

धम्मदीपने हातातला कप खाली ठेवला.

"तुम्ही घाईत दिसला नाहीत," मोरिता म्हणाले. "मी तुम्ही उठायची वाट बघत होतो."

"आम्ही तुमची," उन्नती म्हणाली.

ते उभे राहिले आणि स्वतः जाऊन त्यांनी दार उघडून धरलं. निरोपाला वाकले नाहीत. लिफ्टपर्यंत आलेही नाहीत. यांपैकी प्रत्येक गोष्टीचा अर्थ उन्नतीला कळत होता, आणि गाडीत बसल्यावर तिने तो भावाला सांगितला नाही.

"टोलवर जाम आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"शोल्डर से निकाल," धम्मदीप म्हणाला. रस्त्याच्या कडेच्या त्या पट्टीतही ट्रक उभे होते.

*

ते पोचले तेव्हा दोन माणसं अंगणात सतरंजी झटकत होती. तिची टोकं जुळवून त्यांनी घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती भिंतीशी नेऊन ठेवली. जिथे ती होती तिथली जमीन आजूबाजूपेक्षा स्वच्छ दिसत होती.

अंगणात माणसं उभी होती. अर्ध्याहून जास्त चेहरे कारखान्यातले. सुगत त्यांच्यात होता, अनवाणी, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पँटला गुडघ्यापाशी चुण्या पडलेल्या. तो सकाळी आल्यापासून बैठक उठेपर्यंत बसला होता. त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं आणि त्याला कोणी पाणी विचारलं नव्हतं. शेवटी बैठक उठताना युनियनचा सेक्रेटरी त्याच्या शेजारी येऊन म्हणाला होता, घर की तरफ़ से छोटे साहब बैठ लिए, बहुत है. संध्याकाळच्या शिफ्टचे निरोप गेलेही होते.

धम्मदीपने बूट दाराशी काढले. तो सरळ त्या स्वच्छ चौकोनाकडे चालत गेला आणि खाली बसायला वाकला.

"ना साहब. नीचे ना."

बलवंत समोर उभे होते. डोक्यावर तेराव्याला बांधलेला नवा पांढरा फेटा. त्यांनी धम्मदीपच्या कोपराला हात लावून त्याला उठवलं. हात हलका होता.

"मुझे बैठना है," धम्मदीप म्हणाला. "मैं बैठने ही आया हूँ."

"इब तो बैठक उठ ली, साहब. इब मेहमान हो आप."

कोणीतरी निळी प्लास्टिकची खुर्ची आणली. बलवंत यांनी खांद्यावरच्या पंच्याने ती पुसली आणि ते बाजूला झाले. सगळे उभे होते. धम्मदीप खुर्चीवर बसला, कारण न बसणं आता आणखी वाईट दिसलं असतं.

घराच्या दारातून शीलाताई बघत होत्या. त्यांना मुलाजवळ जायचं होतं. त्यांच्या शेजारी जोगिंदरची आई उभी होती, म्हणून त्या गेल्या नाहीत.

आतून पाणी आलं. स्टीलच्या ताटलीत ग्लास, घासून लखलखीत केलेला. बलवंत यांनी तो दुसऱ्या कोणाला आणू दिला नाही. ताटली दोन्ही हातांनी धरून त्यांनी पुढे केली.

धम्मदीप प्यायला. पाणी गार होतं, कोणीतरी बर्फ आणवला असावा. अंगणातली सगळी माणसं बघत होती, आणि त्यांच्यात कुत्सित हसणारा चेहरा शोधूनही त्याला सापडला नाही. त्याला सांगायचं होतं की त्याने गाडी का थांबवली नाही. सांगायचं होतं की लाइन थांबवू नका असं रोज तोच म्हणायचा. त्यासाठी त्याने वाक्यं जुळवली होती, ट्रकांच्या रांगेत बसून, हिंदीत. ती सगळी खाली बसलेल्या माणसाची वाक्यं होती. खुर्चीवरून ती बोलता येईनात.

ग्लास रिकामा झाला. बलवंत यांनी तो घेतला.

"और लाऊँ?"

"नहीं. बस."

"कोई कमी तो ना रही, साहब?"

ते खरंच विचारत होते. उन्नती फाटकाशी उभी होती, तिला ते तिथूनही कळलं.

"नहीं," धम्मदीप म्हणाला.

बलवंत यांनी मान हलवली. मग ते सुगतकडे वळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चल बेटा, रोटी खा ले, सुबह का बैठा है. सुगत घुटमळला. प्रेसवर काम करणारी चार-पाच पोरं त्याच्या मागे उभी होती, त्यांतल्या एकाने त्याला पुढे केलं. तो आत गेला. त्याच्यामागे ती गेली, मग बाकीची. दाराशी चपलांचा ढीग वाढत गेला आणि धम्मदीपचे बूट त्याखाली दिसेनासे झाले.

अंगणात निळ्या खुर्चीवर धम्मदीप एकटा उरला. ती खुर्ची मागायला मात्र कोणी आलं नाही.